दुखणं उलटल्यावर केमोसोबत टार्गेटेड औषधाची ट्रायल: होकार देण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. सेलूचे एक मामा विचारतात: भाचा सात वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर, बी-सेल एएलएल (बी जातीच्या पांढऱ्या पेशींचा ल्युकेमिया). अडीच वर्षांची केमो पूर्ण झाली. औषधं थांबून चार महिने होत नाहीत तोच ताप आला, पाय दुखायला लागले आणि बोन मॅरोत ६२ टक्के ब्लास्ट, म्हणजे कच्च्या रोगी पेशी, निघाले. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की रिलॅप्सच्या, म्हणजे आजार उलटल्यावरच्या, नेहमीच्या केमोत एक टार्गेटेड गोळी (रोगी पेशीतल्या ठरावीक गोष्टीवर नेम धरणारी) जोडायची ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, सुरू आहे, विचार करून कळवा. आता आजोबा म्हणतात, लेकरावर प्रयोग नको. वडील म्हणतात, औषध टार्गेटेड आहे तर पुन्हा केमो कशाला, नुसती गोळीच द्या. आणि मामांना स्वतःला विचारायचंय की हे सगळं परभणीला किंवा संभाजीनगरला राहून होईल का.

तिघांचे प्रश्न रास्त आहेत. पण "नवं औषध चांगलं की वाईट" याचं उत्तर आज कुणाकडेच नसतं, असतं तर ट्रायल लागलीच नसती. घरच्यांनी ठरवायची गोष्ट वेगळी आहे: ही ट्रायल नेमकं काय मोजतेय, ते आपल्या पोराच्या आजाराला लागू पडतं का, आणि पहिले पाच आठवडे त्याच्यावर चोवीस तास लक्ष कोण, कुठे ठेवणार. या तीनपैकी तिसऱ्या गोष्टीकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं, आणि घात बहुतेक तिथेच होतो.

आधी आजाराचं वजन बघू. रिलॅप्स म्हटलं की सगळे एकसारखे नसतात. निदानापासून १८ महिन्यांच्या आत आजार परतला तर तो फार लवकरचा. १८ महिन्यांनंतर, पण उपचार संपून सहा महिने व्हायच्या आत परतला तर लवकरचा. उपचार संपून सहा महिने उलटल्यावर आला तर उशिराचा. तुमचा भाचा मधल्या गटात बसतो: निदानापासून साधारण ३४ महिने, उपचार थांबून चार. शिवाय आजार मॅरोत आहे. बी-सेलमध्ये लवकरचा मॅरो रिलॅप्स हा जास्त धोक्याचा धरतात. म्हणजे केमोने आजार दबला तरी पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची तयारी ठेवावीच लागते. हाच रिलॅप्स दोन वर्षं उशिरा झाला असता, किंवा फक्त वृषणात असता, तर माझं पुढचं बरंचसं उत्तर बदललं असतं. टी-सेल असता तर औषधांची यादीच वेगळी झाली असती.

आता वडिलांचा प्रश्न, नुसती गोळी का नाही. रिलॅप्सच्या वेळी अंगात साधारण एक लाख कोटी रोगी पेशी असतात असा ढोबळ हिशोब धरतात. केमोनंतर मॅरोत ब्लास्ट पाच टक्क्यांखाली आले की "रेमिशन" म्हणतात. उरलेल्या रोगी पेशींची त्याहून बारीक मोजणी म्हणजे एमआरडी. फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी एकेक करून ओळखणारी तपासणी) ती ०.०१ टक्क्याच्या खाली आली की आम्ही "निगेटिव्ह" म्हणतो. ०.०१ टक्का म्हणजे दहा हजार पेशींत एक. लाख कोटींच्या हिशोबात तरीही दहा कोटी पेशी शिल्लक राहतात. त्या सगळ्या एकसारख्या नसतात. टार्गेटेड औषधाला धरायला जो खुंटा लागतो, तो काहींवर असतो, काहींवर नसतो, आणि नसलेल्या पेशी नंतर पुन्हा वाढतात. शिवाय रिलॅप्सच्या पेशी आधीची अडीच वर्षं औषधं पचवून आलेल्या असतात. काहींच्या एनटी५सी२ नावाच्या जनुकात असा बदल झालेला असतो की मर्कॅप्टोप्युरिनची गोळी त्यांना फारशी लागू पडत नाही. म्हणून एकाच औषधावर भिस्त ठेवत नाहीत. जुनी औषधं एका वाटेने मारतात, नवं दुसऱ्या वाटेने, आणि दोन्हींतून सुटणाऱ्या पेशी कमी राहाव्यात ही आशा.

"टार्गेटेड" या एका शब्दाखाली चार-पाच वेगळ्या जातीची औषधं येतात, आणि ट्रायल कुठल्या जातीची आहे हे कळल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. इमॅटिनिब, डॅसॅटिनिब या गोळ्या मुख्यतः बीसीआर-एबीएल हा दोन जनुकांचा जोड, किंवा त्याच कुळातला जोड, असलेल्या आजारात कामाच्या. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी बीसीएल-२ नावाचं प्रथिन अडवते, ज्याच्या जोरावर रोगी पेशी मरायचं टाळते. बॉर्टेझोमिब हे इंजेक्शन पेशीतली प्रथिनांची कचराकुंडी बंद पाडतं. ब्लिनाटुमोमॅब रोगी पेशीवरच्या सीडी १९ या खुंट्याला धरून लेकराच्याच टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पेशी) तिला भिडवतं. इनोटुझुमॅब सीडी २२ या दुसऱ्या खुंट्याला चिकटून विष आत सोडतं. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: "ज्या खुंट्यावर हे औषध चालतं तो आमच्या मुलात आहे हे कुठल्या तपासणीत दिसलं, आणि ती तपासणी कधीची?" निदानाच्या वेळचा जुना रिपोर्ट चालत नाही. रिलॅप्समध्ये पेशींचं रूप बदलू शकतं, म्हणून फ्लो आणि जनुकांच्या तपासण्या रिलॅप्सच्या मॅरोवर नव्याने व्हायला हव्यात.

केमोचा जो ठरलेला सांगाडा असतो त्याला बॅकबोन म्हणतात. रिलॅप्ससाठी जगभर वापरला जाणारा एक बॅकबोन ब्रिटनच्या यूकेएएलएल आर३ अभ्यासातून आला. त्यातलं पहिलं सत्र साधारण असं: डेक्सामेथासोन रोज २० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, पहिले पाच दिवस आणि पुन्हा १५ ते १९ व्या दिवशी. मायटोझॅन्ट्रोन १० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी. व्हिन्क्रिस्टिन ३, १०, १७ आणि २४ व्या दिवशी. पेग-अ‍ॅस्पॅराजिनेज तिसऱ्या आणि सतराव्या दिवशी. पाठीतलं मेथोट्रेक्सेट पहिल्या आणि आठव्या दिवशी. त्या अभ्यासात अर्ध्या मुलांना मायटोझॅन्ट्रोन आणि अर्ध्यांना त्याच कुळातलं इडारुबिसिन दिलं होतं. २०१० मध्ये निकाल छापून आला तेव्हा तीन वर्षांनी आजार न परतता जगलेली मुलं मायटोझॅन्ट्रोनच्या बाजूला ६४.६ टक्के आणि इडारुबिसिनच्या बाजूला ३५.९ टक्के होती. बाकी सगळी औषधं तीच, फरक एका इंजेक्शनचा. इतका मोठा फरक कुणी आधी सांगितला असता तर डॉक्टरांनीही विश्वास ठेवला नसता. आजोबांना हे जरूर सांगा. आज जे "नेहमीचं" औषध म्हणून मिळतं ते कुणाच्या तरी लेकराने ट्रायलमध्ये घेतलं होतं म्हणून मिळतं.

तरीही आजोबांची भीती उडवून लावू नका, कारण ट्रायल कुठल्या टप्प्याची आहे यावर ती किती खरी ते ठरतं.

पहिल्या टप्प्यात (फेज १) मुख्य प्रश्न असतो, किती डोस सोसतो. मुलांच्या ट्रायलमध्ये सुरुवात बहुतेकदा मोठ्या माणसांत ठरलेल्या डोसच्या ८० टक्क्यांच्या आसपास करतात. नेहमीची पद्धत अशी: तीन मुलांना एका डोसवर घ्यायचं. तिघांनाही न सोसणारा त्रास झाला नाही तर पुढची तीन मुलं वरच्या डोसवर. तिघांपैकी एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला तर तो डोस जास्त झाला म्हणून मागे यायचं. म्हणजे तुमचा मुलगा कितव्या पायरीवर येतोय यावर त्याला मिळणारा डोस ठरतो. पहिल्या पायरीवर औषध कमी पडण्याची शक्यता, वरच्या पायरीवर त्रासाची. केमोबरोबर हे करताना एक जास्तीची अडचण येते. नुसत्या आर३ नेच काऊंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) शून्यावर जातात, तोंड सोलवटतं, लिव्हरचे आकडे चढतात. मग त्रास नव्या औषधाचा की जुन्या केमोचा? म्हणून प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं की कुठला त्रास नव्या औषधाच्या खात्यात धरायचा, काऊंट कितव्या दिवसापर्यंत वर आले नाहीत तर तो जास्तीचा समजायचा. हा भाग डॉक्टरांकडून समजून घ्या. चांगला ट्रायल-डॉक्टर तो न चिडता समजावतो.

दुसऱ्या टप्प्यात डोस ठरलेला असतो आणि प्रश्न असतो की किती मुलांत आजार दबतो. तिसऱ्यात नवं आणि नेहमीचं समोरासमोर ठेवतात, चिठ्ठी टाकल्यासारखी कॉम्प्युटरवर निवड होते. तुमच्या भाच्याचा हा पहिलाच रिलॅप्स आहे. पहिल्या रिलॅप्सला सहसा दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची ट्रायल सुचवतात, कारण त्याच्यासाठी बऱ्यापैकी खात्रीचा नेहमीचा उपचार उपलब्ध असतो. पहिला टप्पा बहुतेक करून दुसऱ्यांदा उलटलेल्या किंवा केमोला दाद न देणाऱ्या आजारासाठी राखलेला असतो. तुम्हाला सुचवलेली ट्रायल फेज १ असेल तर स्पष्ट विचारा, "नेहमीचा उपचार बाजूला का ठेवायचा?" याला पटणारं कारण असू शकतं, पण ते तुम्हाला ऐकायला मिळालं पाहिजे.

जोडून दिलेल्या औषधाने काय साधतं आणि काय बिघडतं याचं एक नेमकं उदाहरण देतो. बॉर्टेझोमिब हे व्हिन्क्रिस्टिन, डेक्सामेथासोन, पेग-अ‍ॅस्पॅराजिनेज आणि डॉक्सोरुबिसिन यांच्यासोबत अमेरिकेत तपासलं गेलं. २०१२ मध्ये त्याचे आकडे आले. मुलं अशी होती की त्यांचा आजार एकापेक्षा जास्त वेळा परतलेला. २२ पैकी १६ मुलांत आजार दबला. बी-सेलच्या २० पैकी १६ मध्ये, आणि टी-सेलच्या दोघांपैकी एकातही नाही. इतक्या थकलेल्या मुलांसाठी हा फार चांगला निकाल. पण त्याच २२ मधली तीन मुलं गेली, आणि तिघंही जिवाणूंच्या संसर्गाने. नवं औषध "लागून" नव्हे. पांढऱ्या पेशी नसताना रक्तात संसर्ग शिरून. मराठवाड्यातून जाणाऱ्या घरांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण ट्रायलचा कागद वाचताना सगळ्यांचं लक्ष नव्या औषधाच्या दुष्परिणामांवर असतं आणि ताप आल्यावर कुठे जायचं हे कुणी विचारत नाही.

म्हणून मामांच्या प्रश्नाचं उत्तर: पहिलं सत्र सेलूला किंवा परभणीला राहून होणार नाही. संभाजीनगरला राहूनही नको, जोवर ट्रायल तिथेच चालत नाही तोवर. पहिल्या दिवसापासून काऊंट वर येऊन मॅरोची तपासणी होईपर्यंत, म्हणजे पाच आठवडे आणि वर थोडी सवड धरून, हॉस्पिटलपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर राहायची सोय झाली पाहिजे. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असताना ताप १०१ अंश फॅरनहाइट एकदा आला, किंवा १००.४ तासभर टिकला, की दारात पोचल्यापासून ६० मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. परभणीहून देवगिरी किंवा नंदिग्रामने मुंबई म्हणजे आख्खी रात्र. ती रात्र या लेकरांना परवडत नाही.

त्यात एक गोष्ट फार फसवी आहे. डेक्सामेथासोनच्या दिवसांत ताप दबून जातो. थर्मामीटर ९८ दाखवतं आणि मूल मात्र गळून जातं, हातपाय गार पडतात, पोट दुखतं, बोलणं कमी होतं, लघवी कमी होते. "ताप नाही ना, मग सकाळी बघू" असं या दिवसांत कधीच म्हणायचं नाही. पोटदुखी पाठीपर्यंत जात असेल आणि उलट्या होत असतील तर अ‍ॅस्पॅराजिनेजमुळे स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. हे औषध रक्ताच्या गुठळ्याही करतं, म्हणून डोकं सतत दुखणं किंवा एक हात सुजणं हेही लगेच सांगायचं. उलट मायटोझॅन्ट्रोननंतर एक-दोन दिवस लघवी निळसर-हिरवी होते, डोळ्यांचा पांढरा भागही कधी निळसर दिसतो. ते औषधाचा रंग आहे, त्याला घाबरू नका.

आता जे चुकतं ते. ट्रायलमध्ये यायच्या आधीच बऱ्याच गोष्टी बिघडलेल्या असतात, आणि त्या तालुक्याच्या ठिकाणी बिघडतात. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे स्टेरॉइड. पाय दुखतात, ताप उतरत नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यात डेक्साचं इंजेक्शन दिलं जातं. डेक्सा हे ल्युकेमियाचं औषधच आहे. दोन-तीन दिवसांत पेशी घटतात, मॅरोचं चित्र धूसर होतं, आणि बऱ्याच ट्रायलमध्ये "शेवटचं औषध घेऊन अमुक दिवस झालेले असावेत" ही अट असते, ती मोडते. तेव्हा मुंबईची तपासणी पूर्ण होईपर्यंत दवाखान्यात पाऊल टाकताच पहिलं वाक्य हेच असू द्या की स्टेरॉइड देऊ नका, आजार उलटलाय.

दुसरी गोष्ट जुनी फाइल. मायटोझॅन्ट्रोन आणि त्याच्या कुळातली औषधं हृदयावर ताण आणतात, आणि आयुष्यभरात किती मिळाली याचा हिशोब ठेवावा लागतो. अडीच वर्षांपूर्वी डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन एकूण किती मिग्रॅ गेलं हे तोंडी सांगून भागत नाही. रोडमॅप (कुठल्या दिवशी कुठलं औषध गेलं त्याचा तक्ता), डिस्चार्ज कार्ड, अ‍ॅस्पॅराजिनेजने अंगावर पुरळ आलं होतं का त्याची नोंद, आधीची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). हा गठ्ठा घरी पत्र्याच्या पेटीत असेल तर आजच शोधा, कारण हृदयाची ताकद आणि लिव्हर-किडनीचे आकडे ठरलेल्या रेषेच्या आत असल्याशिवाय मूल ट्रायलमध्ये घेता येत नाही.

तिसरी, औषधांची आपसातली भांडणं. हा विषय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे घरचे लोक खरंच फरक पाडू शकतात. बुरशीचा संसर्ग होऊ नये किंवा झाला म्हणून व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल अशी औषधं देतात. ही लिव्हरमधली एक वाट अडवतात, आणि त्याच वाटेने व्हिन्क्रिस्टिनही शरीराबाहेर पडतं, व्हेनेटोक्लॅक्सही आणि डॅसॅटिनिबही. वाट अडली की रक्तात औषध साचतं. व्हिन्क्रिस्टिन साचलं तर शौच बंद होतं, पोट फुगतं, जबडा दुखतो, पावलं ओढत चालावं लागतं, कधी झटके येतात. व्हेनेटोक्लॅक्सबरोबर अशी औषधं द्यावीच लागली तर त्याचा डोस बराच कमी करतात. बॉर्टेझोमिब आणि व्हिन्क्रिस्टिन दोन्ही नसांवर बसतात, तिथे हातापायांच्या मुंग्या दुप्पट लक्ष देऊन बघाव्या लागतात. डॅसॅटिनिब पोटातल्या आम्लावर अवलंबून असतं, म्हणून अ‍ॅसिडिटीची गोळी मनाने द्यायची नाही. इमॅटिनिब जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर द्यायचं, गिळता येत नसेल तर पाण्यात विरघळवून देता येतं. पण प्रत्येक गोळी अशी देता येत नाही. चुरा करायचा की नाही हे ट्रायलच्या फार्मसिस्टकडून लिहून घ्या, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हात लावायचा नाही.

याच कारणाने घरचे काढे बंद. गुळवेल, पपईच्या पानांचा रस, कोरफड, कुणी दिलेली पुडी, सगळं. गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आपल्याकडे झालेल्या आहेत. ट्रायलमधल्या मुलाचं लिव्हर बिघडलं आणि काढा दिल्याचं लपवलं, तर डॉक्टर नव्या औषधाला दोषी धरून ते थांबवतील, आणि पुढच्या मुलांचाही डोस त्या चुकीच्या नोंदीवर ठरेल. पपनस आणि त्याच्या जातीची फळंही त्या लिव्हरच्या वाटेत येतात. जालन्याची मोसंबी आपल्याकडे आजाऱ्याला हमखास आणतात, तीही विचारूनच द्या. रसवंतीवरचा रस मात्र नकोच, कारण तिथलं पाणी आणि बर्फ. टँकरचं पाणी असेल तर उकळल्याशिवाय पिऊ नका, आणि लेकराच्या खोलीजवळ बांधकाम, कडब्याची गंज, कापसाची साठवण नको. त्या धुळीत बुरशीचे कण असतात.

उलटी झाली तर गोळी पुन्हा द्यायची का, याचा नियम प्रत्येक ट्रायलमध्ये वेगळा असतो. तो पहिल्याच दिवशी विचारा आणि डायरीत वेळेसकट लिहा. चुकलेला डोस लपवू नका. ठरलेल्या तासांना थोडं-थोडं रक्त घेतात, गोळीआधी, नंतर एक-दोन तासांनी, चार, आठ, चोवीस तासांनी, ते औषध रक्तात किती चढतं-उतरतं हे मोजायला. गोळी आठऐवजी दहाला दिली आणि डायरीत आठ लिहिलं, तर त्या सगळ्या सुया वाया जातात.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्याकडे औषधांच्या ट्रायल २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली चालतात. ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद हवी, नंबर मागा आणि मोबाइलवर उघडून बघा. एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. माहितीपत्रक मराठीत मिळालं पाहिजे आणि सही केलेली प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. सही घेताना व्हिडिओ काढला तर घाबरू नका, ती काही ट्रायलमध्ये नियमाचीच अट असते. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत करणं आणि भरपाई देणं ट्रायल चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार थांबत नाही. मात्र एक बाब लेखी विचारून घ्या: मोफत काय आहे? नवं औषध मोफत असतं, पण बॅकबोनची केमो, प्लेटलेट, अँटिबायोटिक, खाट यांचं काय? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत मिळतं, पण कुठला खर्च त्यात बसतो हे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून केस सुरू व्हायच्या आधी पक्कं करा. राहण्यासाठी परळ-खारघर भागात कॅन्सरच्या मुलांची मोफत निवासस्थानं आहेत, तीही त्याच विभागातून. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो.

आणखी दोन प्रश्न ट्रायलच्या डॉक्टरांना विचारा, जे सहसा कुणी विचारत नाही. पहिला: "या ट्रायलनंतर पुढच्या कुठल्या वाटा बंद होतात?" इनोटुझुमॅब घेतलेल्या मुलाला ट्रान्सप्लांटच्या वेळी लिव्हरच्या शिरा बंद पडण्याचा धोका वाढतो. सीडी १९ वर आधी औषध चालवलं की काही वेळा पेशी तो खुंटाच टाकून देतात, मग सीडी १९ वरची कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार) लागू पडत नाही. (कार-टीबद्दल खूप जण विचारतात: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या नेक्सकार १९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये जी मंजुरी मिळाली ती १५ वर्षं आणि वरच्यांसाठी आहे. सात वर्षांच्या मुलाला ती त्या मंजुरीवर मिळत नाही.)

दुसरा प्रश्न: "ट्रान्सप्लांटच्या आधी ब्लिनाटुमोमॅब मिळण्याची सोय यात आहे का?" हा मी मुद्दाम सुचवतोय. पहिल्या जास्त-धोक्याच्या रिलॅप्समध्ये, सुरुवातीच्या केमोने आजार दबल्यावर केमोचं तिसरं सत्र द्यायचं की त्याऐवजी ब्लिनाटुमोमॅबचं एक सत्र, याची युरोपात आणि इतर काही देशांत तुलना झाली. २०२१ मध्ये निकाल आला: दोन वर्षांनी ब्लिनाटुमोमॅबच्या बाजूला ६६.२ टक्के मुलं आजार न परतता होती, केमोच्या बाजूला २७.१ टक्के. गंभीर त्रासही कमी. हे औषध इथे केमोत मिसळलं नव्हतं, केमोच्या जागी ठेवलं होतं. भाच्याच्या आजाराला हा पुरावा जवळून लागू पडतो. अडचण किमतीची, आणि २८ दिवस रात्रंदिवस पंपाने चालवायच्या सोयीची. पंपाची बॅटरी, वीज जाण्याची तयारी हवी, आणि ती लाइन कुणीही फ्लश करायची (पाणी सोडून धुवायची) नाही, नाहीतर नळीतलं औषध एकदम अंगात जातं. तुम्हाला सुचवलेली ट्रायल याच्या आड येत असेल तर मी दोनदा विचार करेन. पहिल्या सत्रात गोळी जोडून पुढे ही वाट मोकळी राहत असेल, ट्रायल दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याची असेल आणि मुंबईत पाच-सहा आठवडे राहायची सोय होत असेल, तर माझा कल होकाराकडे आहे. राहायची सोय होणारच नसेल, तर नव्या गोळीसाठी ओढाताण करू नका. नेहमीची रिलॅप्स केमो तुमच्या केंद्रावर नीट पार पडणं जास्त मोलाचं.

ट्रान्सप्लांटचं काम आत्तापासून हातात घ्या. सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी (दाता जुळतो का ते बघणारी) पहिल्या सत्रातच करून घ्या. प्रत्येक सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक. आणि एक चूक टाळा: प्लेटलेट लागल्या की आई, बाप, भाऊ पुढे होतात. जे दाते होऊ शकतात त्यांचं रक्त या मुलाला देऊ नका, शरीर त्या रक्ताविरुद्ध तयार होतं आणि पुढे मॅरो नाकारायची भीती वाढते. रक्त गावातल्या इतरांकडून घ्या.

शेवटी ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्याचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी होकार घ्यायचा असतो. भाचा सातचा आहे, म्हणजे त्याला विचारावं लागेल, आणि त्याने आधी अडीच वर्षं सुया खाल्ल्यात, तेव्हा खोटं सांगितलेलं त्याला लगेच कळतं. केस पुन्हा जातील हे सांगा. पाठीतलं इंजेक्शन पहिल्या सत्रात दोनदा आहे हे सांगा. लघवी निळी होईल हेही सांगा, ते ऐकून बहुतेक मुलं हसतात. किती दिवस मुंबईत राहायचं ते कॅलेंडरवर खुणा करून दाखवा, आणि सोबत आई राहणार की मामा, ते त्याच्यासमोरच ठरवा.